मागून लिहिलेली वही

आमच्या घरात एक वही आहे. दोनशेपानी, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजून कापसासारखे झालेले. पुढून उघडली की दुधाचा हिशेब: तारीख, लिटर, खाडे, महिनाअखेरची बेरीज. उलटी करून मागून उघडली की माझा हिशेब.

‘स. ६.१०. आधी उजवा अंगठा, मग हात, मग तोंड वाकडं, मग सगळं अंग. १ मि. ४० से. नंतर झोप. उठल्यावर नाव बरोबर सांगितलं. वार चुकीचा.’

अक्षर माईंचं. माई म्हणजे माझ्या सासूबाई. ग्वाल्हेरच्या जुन्या मॅट्रिक. लग्न होऊन इंदुरात आल्या त्याला साठ वर्षं होत आली, पण सहा वाजून दहा मिनिटं झाली असतील तर त्या ‘सव्वासहा’वर कधी भागवत नाहीत. दूधवाल्या भैयाशी पाव लिटरसाठी हुज्जत घालणाऱ्या बाईच्या हाती माझ्या मेंदूचं खातं आलं, हे माझं नशीब.

मला फिट्स येतात. आमच्या इंदुरी मराठीत ‘झटके’ किंवा ‘दौरा पडला’. जिन्यात भेटणाऱ्या बायका आवाज खाली आणून ‘मिर्गी’ म्हणतात, पुण्याची मावशी ‘आकडी’ म्हणते, आणि फाइलवर ‘अपस्मार’ किंवा ‘एपिलेप्सी’ असतं. कधीकधी मात्र झटका एकटा येत नाही. एक येतो, जातो, मी जरा शुद्धीवर येते न येते तोच दुसरा, मग तिसरा. चोवीस तासांच्या आत दोन-तीन किंवा त्याहून जास्त झटके एकामागोमाग आले की डॉक्टर त्याला क्लस्टर म्हणतात. माईंनी हा शब्द एकदा ऐकला, जिभेवर वळवून बघितला आणि सोडून दिला. त्यांचा शब्द ‘लड’. ‘आज लड लागली हो हिची,’ असं त्या फोनवर माझ्या नवऱ्याला सांगतात.

दिवाळीतल्या फटाक्यांची लड. मला हा शब्द डॉक्टरांच्या शब्दापेक्षा जास्त पटतो. सुतळी बॉम्ब एकदाच वाजतो, कान सुन्न होतात, मग माणसं हसायला लागतात. लडीचं तसं नसतं. आवाज थांबला तरी कोणी पुढे जात नाही. मधलाच एखादा पेटायचा राहिला असेल तर? आमच्या घरात पहिल्या झटक्यानंतरचे चोवीस तास असे कानांवर हात ठेवून जातात.

हे सगळं मी लिहितेय खरी, पण यात एक अडचण आहे. घरातल्या चार माणसांपैकी माझा झटका न पाहिलेली मी एकटी. माई पाहतात, नवरा पाहतो, मुलानेही पाहिलाय, समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी तर दारातून उभं राहून अनेकदा पाहिलाय. मला कळतं ते फक्त आधीचं आणि नंतरचं. आधी अंगठ्यात मुंग्या, आणि नंतर एकदम छत, पंखा आणि चार चेहरे. मधला तुकडा मला दुसऱ्यांकडून उसना घ्यावा लागतो. माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस मला ऐकून माहीत आहेत.

पहिला झटका २०११ सालचा. मी २९ वर्षांची, लग्नाला सात वर्षं झालेली. एमआरआय काढला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका निघाला. डॉक्टर म्हणाले, फीतकृमीच्या अळीची गाठ आहे, जुनी, आता चुना होऊन बसलेली. माई खुर्चीतून उठल्याच. ‘आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही हो!’ डॉक्टरांना हे वाक्य रोजचं असावं. त्यांनी शांतपणे समजावलं, की डुकराचं कच्चं मांस खाल्लं तर पोटात जंत होतो, पण मेंदूत अळी जाते ती जंताच्या अंड्यांमुळे. आणि ती अंडी येतात माणसाच्या विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून, नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून, मुळ्यातून, कोणाच्या तरी न धुतलेल्या हातांतून. आपल्या देशात फिट्सचं हे एक नेहमीचं कारण आहे. त्या दिवसापासून आमच्याकडे कोथिंबीर तीन पाण्यांतून निघते आणि सॅलड नावाची गोष्ट फक्त लग्नांत दिसते, तीही लांबून.

अळी केव्हाच मेली होती. पण मेलेल्या अळीची जागा मेंदूला खुपत राहते. डोळ्यात गेलेली कुसळ निघाली तरी डोळा चुरचुरत राहावा, तसं.

त्या पहिल्या भेटीतच डॉक्टरांनी माईंना विचारलं होतं, ‘सुरुवात कुठून होते, पाहिलंत?’ माई म्हणाल्या, ‘उजव्या अंगठ्यापासून. अंगठा आधी तळहातात वळतो, मग बोटं, मग कोपर. घड्याळ लावून सांगते, दहा सेकंदांत खांद्यापर्यंत.’ डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एमआरआयचं पाकीट अजून उघडलेलंही नव्हतं, पण ठिपका कोणत्या बाजूला आणि साधारण कुठे असेल हे त्यांना तेवढ्यावरून कळलं. उजव्या हाताची सूत्रं डाव्या मेंदूत असतात, आणि त्यात अंगठ्याला दिलेली जागा त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी आहे.

पुढे मी वाचलं की झटक्याची ही चढती पायरी, अंगठा मग हात मग दंड, नीट टिपून ठेवणारा आणि तिच्यावरून मेंदूत हालचालींचा नकाशा असला पाहिजे असं ताडणारा माणूस म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज डॉक्टर जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन. त्या प्रकाराला अजून त्याचंच नाव आहे. त्याच्या बायकोलाही असेच झटके येत. ती १८७६ मध्ये गेली. दवाखान्यात रोगी पाहायचे आणि घरी आल्यावर तेच जेवणाच्या टेबलापलीकडे. मी हे माईंना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, ‘त्याच्याकडे सेकंदकाट्याचं घड्याळ होतं का?’

आता १२ सप्टेंबर २०१९ बद्दल. अनंत चतुर्दशी.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगायला हवं. त्या रात्री आमचं शहर झोपत नाही. कापडगिरण्यांच्या झांक्या निघतात: ट्रॉल्यांवर उभारलेले, हजारो दिव्यांनी लखलखणारे, हलणारे देखावे, पुढे आखाड्यांची लाठीकाठी आणि ढोल. हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली, बाकीच्याही गिरण्या एकेक करून गेल्या, पण कामगार आणि त्यांची पोरं-नातवंडं अजून झांकी काढतात. कापड राहिलं नाही, देखावा राहिला. आम्ही जेल रोडच्या कडेला जागा धरली होती. मुलगा पाच वर्षांचा, बापाच्या खांद्यावर. मी भुट्ट्याचा कीस खाल्ला, हे आठवतं. दोनदा पाऊस भुरभुरला आणि कोणीतरी माझ्या डोक्यावर प्लास्टिकची खुर्ची धरली, हेही आठवतं.

रात्रीची गोळी पर्समध्ये होती. मी घेतली नाही. पाणी नव्हतं, गर्दी होती, ‘घरी गेल्यावर घेऊ’. घरी पोहोचलो साडेतीनला.

इथपासून पुढे वही. (त्यातला ‘फवारा’ म्हणजे झटका थांबवायला नाकात मारायचं औषध.)

‘१३ ता. प. ५.५०. १ मि. २० से.’
‘७.३५. १ मि. ५५ से. मधे नीट जाग नाही.’
‘८.२०. २ मि. वर. फवारा दिला.’
‘८.४०. ’

शेवटच्या ओळीत वेळेपुढे काहीच नाही. पेन टेकवून उचललेलं दिसतं. त्याखाली नवऱ्याच्या अक्षरात, वेगळ्या शाईत, ‘९.०५ गाडी’. बस.

वही उलटी करून पुढून उघडली की त्याच तारखेला: १३ खाडा, १४ खाडा, १५ खाडा, १६ अर्धा लिटर. मी दवाखान्यात होते त्या तीन दिवसांत घरात कोणी चहा केला नाही, हे मला दुधाच्या बाजूने कळलं.

रात्रीचं जागरण आणि चुकलेली गोळी. फिट्सवाल्या कोणालाही विचारा, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं ते तो झोपेतून उठून सांगेल. समोरच्या काकूंचं निदान वेगळं होतं. पितृपक्ष तोंडावर आलेला, तेव्हा ‘कोणाचं तरी राहिलं असेल’. माईंनी त्यांना उत्तर दिलं, ‘राहिलं होतं ना, पर्समध्ये.’

आता मला त्या रात्रीचं काय आठवत नाही ते सांगते. कीस आणि खुर्ची सोडून काहीच नाही. मोबाइलमध्ये फोटो आहेत. एका फोटोत मी तोंडभर हसतेय, मागे दिव्यांचा मोर आहे. मोर मला आठवत नाही. हसण्याचं कारण आठवत नाही. झटके तर दुसऱ्या दिवशी सकाळी आले, मग आदली रात्र कशी गेली? हे मला कितीतरी दिवस उलगडत नव्हतं. चोराने उद्याच्या घरात शिरून कालचं सामान नेल्यासारखं.

उलगडलं ते विरजणावरून. दिवसभर आपण पाहतो-ऐकतो ते आठवण म्हणून लगेच घट्ट होत नाही. मेंदूच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो. तो नवी आठवण काही काळ सांभाळतो आणि हळूहळू, बरंचसं झोपेत, तिला बाकीच्या मेंदूत पक्की बसवतो. म्हणजे रात्री विरजण लावून पातेलं कोपऱ्यात ठेवायचं आणि कोणी हात लावायचा नाही. त्या रात्री मी झोपलेच नव्हते, आणि पहाटेपासून कोणीतरी पातेलं चार वेळा गदगदा हलवलं. सकाळी त्यात दही कुठून असणार? दूध होतं, दही झालं नाही. मोर दुधातच राहिला.

हा भाग गेला तर काय होतं याचं जगाला ठाऊक असलेलं उदाहरण फिट्सच्याच एका रुग्णाचं आहे. हेन्री मोलेसन, अमेरिकेतला २७ वर्षांचा तरुण. औषधांनी झटके थांबेनात म्हणून १९५३ मध्ये शस्त्रक्रिया करून त्याच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. झटके कमी झाले, पण नवी आठवण बनणंच थांबलं. तेच मासिक तो पुन्हा पुन्हा नव्याने वाचायचा. २००८ मध्ये तो गेला, पंचावन्न वर्षं त्या एकाच दुपारी काढून. त्याची गोष्ट ऐकून सगळे ज्यासाठी हळहळतात त्यापेक्षा वेगळीच गोष्ट मला लागते. झटके कमी व्हावेत म्हणून तो स्वतःच्या पायांनी चालत गेला होता.

आपल्याकडे तर रोगाच्या नावातच हे सगळं आहे. अप म्हणजे दूर, स्मार म्हणजे स्मरण. चरकाने अपस्माराला ‘आवस्थिक तमःप्रवेश’ म्हटलंय: अधूनमधून होणारा अंधारातला प्रवेश. हात-पाय आपटणं, फेस येणं हे सगळं पाहणाऱ्यांच्या वाट्याचं, आणि चरकाने तेही लिहिलंय, पण नाव ठेवताना त्याने आतल्या माणसाची बाजू घेतली याचं मला बरं वाटतं.

मेंदूत लड का लागते, आणि लागली की थांबत का नाही, हेही समजून घ्यायचा मी प्रयत्न केला. मेंदूच्या पेशी एकमेकींना सतत निरोप पाठवतात, काही ‘पेट’ म्हणणारे, काही ‘थांब’ म्हणणारे. थांबवणाऱ्या निरोपाचं रसायन म्हणजे गाबा. ते पेशीच्या भिंतीवरच्या ठरावीक ग्राहींवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागांवर, येऊन बसतं आणि पेशी शांत होते. नाकात मारायचा मिडॅझोलामचा फवारा काय, शिरेतून देतात ते लोराझेपाम काय, दोन्ही याच ग्राहींवर काम करून गाबाचा जोर वाढवतात. पण झटका लांबत गेला की पेशी हे ग्राही भिंतीवरून आत ओढून घेते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पोस्टमन चिठ्ठी घेऊन उभा आहे, पण दारावरची पेटीच कोणीतरी आत उचलून नेली. त्यामुळे औषध जितकं उशिरा, तितकं कमी लागू पडतं. जे पहिल्या पाच मिनिटांत फवाऱ्याने थांबलं असतं, त्याला अर्ध्या तासानंतर आयसीयू लागू शकतं.

म्हणून तो पाच मिनिटांचा आकडा. अंग आकसून हात-पाय झडणारा झटका पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा दोन झटक्यांमध्ये शुद्धच आली नाही, तर वाट बघायची नाही. तीस मिनिटं उलटली की मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका खरा असतो. आमच्या फ्रिजवर हे माईंच्या अक्षरात चिकटवलेलं आहे, शेजारी गॅस एजन्सीचा नंबर.

मला डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, दुसरा झटका आला की फवारा. त्या सकाळी माईंनी तो तिसऱ्याला दिला. ‘तू झोपली होतीस, झोपलेल्या माणसाच्या नाकात काय मारायचं,’ असं त्या एकदाच म्हणाल्या. मी गोळी चुकवली, त्यांनी फवारा. दोघींनी तो विषय परत काढला नाही. आता फवारा देवघराच्या खालच्या फळीवर असतो आणि त्यावरची एक्सपायरी त्या दर संकष्टीला बघतात.

मेंदूचं नुकसान होतं का? हा प्रश्न मला लोक विचारतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत उत्तर आधीच असतं. मिनिट-दीड मिनिटाच्या एकट्या झटक्याने मेंदू जळून जातो असं नाही. पण वर्षानुवर्षं मोठे झटके येत राहिले तर काहींचा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसतो, स्मरण आणि शब्द मंदावतात. त्यात गाठीचा वाटा किती, झटक्यांचा किती, गोळ्यांचा किती, हे वेगळं करणं अवघड. डाळीत मीठ घातल्यावर कोणत्या चमच्याने ती खारट झाली ते शोधण्यासारखं.

मला विचाराल तर लडीनंतरचे दिवस झटक्यांपेक्षा अवघड. झटके सोसतात ते घरचे. नंतरचे पंधरा दिवस माझे.

त्या वेळी आधी हात गेला. घरी आले तेव्हा उजव्या हाताने लाटणं धरता येईना. धरलेलं लाटणं हळूच सुटायचं आणि ओट्यावर गडगडत जायचं. पक्षाघात की काय म्हणून नवरा पांढरा पडला. याला टॉडचा पक्षाघात म्हणतात, रॉबर्ट बेंटली टॉड नावाच्या डॉक्टरने १८४९ मध्ये तो सांगितला. मेंदूचा तो भाग इतका दमलेला असतो की काही तास, क्वचित काही दिवस, हाताला हुकूमच जात नाही. हुकूम परत आला. पण पोळ्या मात्र त्यानंतर पुढे महिनाभर नवऱ्याने लाटल्या, आणि त्या कोणत्या देशाच्या नकाशासारख्या दिसतात यावर आमच्या मुलाचं भूगोलाचं शिक्षण सुरू झालं.

मग शब्द. मी प्रुफं तपासते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे मानपत्र, मराठी मंडळांच्या स्मरणिका. (स्मरणिका तपासणाऱ्या बाईला अपस्मार! माझा नवरा हा विनोद वर्षातून एकदा करतो आणि मी वर्षातून एकदा हसते.) लडीनंतर चार दिवसांनी मी माईंना म्हटलं, ‘ती द्या जरा, गाजरासाठी, ती…’ आणि थांबले. वस्तू डोळ्यांसमोर होती, तिच्या मागच्या बाजूचा गंज दिसत होता. ‘कद्दूकस’ हा शब्द पटकन आला. मराठी येईना. हलव्याचं गाजर हातात धरून मी स्वयंपाकघरात उभी, माझ्याच भाषेच्या दारात, आणि आतून कोणी ओ देत नाही. माईंनी किसणी काढून पुढे ठेवली, म्हणाल्या काहीच नाही. शब्द दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना आला. मी न्हाणीतूनच ओरडले, ‘किसणी!’ बाहेरून माई म्हणाल्या, ‘हो, धुऊन ठेवली.’

न्हाणीच्या दाराला कडी नाही, हेही यातच सांगून टाकते. २०१२ पासून नाही. बाहेरच्या खिळ्यावर माझा टॉवेल लटकतोय म्हणजे आत मी आहे. पाहुणे आले की त्यांना हे समजावणं हा वेगळाच कार्यक्रम असतो. गॅसपाशी मी एकटी उभी राहत नाही, भरलेल्या बादलीत कधी वाकत नाही, गच्चीवर वाळवण घालायला जाते तेव्हा मुलगा सोबत पाठवला जातो आणि त्याला वाटतं तो कुरडयांची राखण करतोय. स्कूटर गेली. लायसन्सच्या फॉर्ममध्ये विचारतात, तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? नूतनीकरणाच्या वेळी बऱ्याच जणांनी सल्ला दिला, ‘नाही लिहा हो, कोण बघतंय.’ बघणारा कोणीच नव्हता हे खरं. पण सुदामा नगरहून राजवाड्याला जाताना एखाद्या चौकात कोणाचं तरी पोर मधे आलं असतं. मी ‘हो’ लिहिलं आणि स्कूटर पुतणीला दिली. किल्ली देताना तिच्यातला गणपती काढून ठेवला, तो अजून माझ्या पर्सला आहे.

राग हा एक निराळाच प्रकार. एक नवी गोळी सुरू केली, लेव्हेटिरासिटॅम. झटके कमी झाले, पण मला भयंकर राग येऊ लागला. चिडचिड हा त्या गोळीचा माहितीतला दुष्परिणाम आहे, पण हे मला नंतर कळलं. एके दिवशी आमटीत गूळ कमी पडला म्हणून मी वाटी भिंतीवर मारली. मीच केलेली आमटी. भिंतीवरून ओघळणाऱ्या आमटीकडे बघत मला वाटत होतं, ही मी आहे की गोळी? माणसाने स्वतःचा स्वभाव कुठे संपतो आणि औषध कुठे सुरू होतं हे कसं ओळखायचं? त्या दिवशीची नोंद मी हळूच पाहिली. ‘दु. १. चिडचिड. गोळीची.’ बाईंनी निकाल देऊन टाकला होता. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तेवढी नोंद वाचून मात्रा बदलली. भिंतीवरचा डाग अजून आहे. चुना लावून जातोच कुठे तो.

लोकांबद्दल फार लिहीत नाही. एका हळदीकुंकवात झटका आला तेव्हा कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा, आणि एका पुढाकार घेणाऱ्या बाईंनी दातखीळ सोडवायला चमचा घातला. माझा एक दात तुटला, चमचा वाकला. तोंडात काही घालायचं नसतं, हात-पाय दाबून धरायचे नसतात, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ द्यायचं आणि घड्याळ बघायचं. इतकंच. सासरच्या एका नातेवाइकांनी ‘लग्नाआधी लपवलं असणार’ असं चारचौघांत म्हटलं. त्यांना कायद्याची फार माहिती, म्हणून मीही कायदा वाचला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने लग्नाच्या आड येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या पंक्तीला अपस्मारही बसवला होता आणि तो १९९९ मध्ये वगळला. माझं लग्न २००४ चं. वगळल्यानंतरचं! हे मी त्यांना ऐकवणार होते, पण त्या आधीच माई म्हणाल्या, ‘लपवलं असतं तर मला सापडलं असतं.’

शोकेसमध्ये माझी शाळेतल्या नृत्यस्पर्धेची ढाल आहे, तीवर नटराज. त्याच्या पायाखालच्या बुटक्याचं नाव अपस्मार, हे मला चाळिशीत कळलं. वीस-पंचवीस वर्षं मी त्याच्या पाठीवरची धूळ पुसत होते. नटराज त्याला मारत नाही, नुसता पाय ठेवून असतो. आमचे डॉक्टरही ‘बरं होईल’ असं म्हणत नाहीत, ‘कंट्रोलमध्ये आहे’ म्हणतात. दहातल्या सातांना औषधांनी झटके पूर्ण थांबवता येतात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मी उरलेल्या तिघांतली.

माईंना हल्ली बारीक आकडे दिसत नाहीत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी सेकंदकाटा हरवतो म्हणतात. मागच्या महिन्यात मला झटका आला तेव्हा घरात त्या आणि मुलगा, दोघंच होते. तो आता अकरा वर्षांचा आहे, हिंदी माध्यमात शिकतो, मराठी घरात बोलतो तेवढीच. मी वही दोन दिवसांनी उघडली. नवं अक्षर, पेन्सिलीने:

‘रा. ८.०५. आईला झटका. अंगठ्यापासून. १ मि. १० से. करवट दिली. उठून पाणी मागितलं. नाव सांगितलं. वार बरोबर.’

हात सवयीने लाल पेनाकडे गेला. ‘करवट दिली’खाली रेघ मारली आणि समासात लिहिलं, ‘कुशीवर वळवलं’. मग दिसलं की खाली अजून एक ओळ होती. ‘मी घाबरलो नाही’ असं लिहून त्याने ती खोडली होती, दोनदा, कागद फाटेपर्यंत.

पेनाला टोपण लावलं. वही उलटी करून दुधाची बाजू काढली. त्या तारखेला दीड लिटर, दुसऱ्या दिवशी दीड लिटर. खाडा नाही.